तेरा वर्षांचा मुलगा बेसबॉलमध्ये दोन संघांकडून पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकणं) करतो. किती फेकी ठीक आहेत?

आधी दोन्ही संघांच्या फेकी एकत्र मोजायला लागा. दोन्ही प्रशिक्षक आपापल्या परीने नियम पाळतात आणि मुलाचा हात मात्र दुप्पट राबतो, असं फार सहज घडतं. म्हणून हिशेबाची वही घरीच ठेवा आणि दोघांनाही दाखवत जा.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या अमेरिकेतल्या बेसबॉल संस्थांच्या 'पिच स्मार्ट' सूचनांप्रमाणे १३-१४ व्या वर्षी एका दिवसात कमाल ९५ फेकी. २१ ते ३५ झाल्या तर १ दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला २, ५१ ते ६५ ला ३ आणि ६६ पासून पुढे ४ दिवस. प्रत्येक वेळी ९५ गाठायलाच हवेत असं कोणी समजू नये.

आकड्यापेक्षाही थकव्याकडे जास्त लक्ष द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या वयात कोपर आणि खांद्याजवळची हाडं अजून वाढत असतात, तिथला कूर्चेचा भाग नाजूक असतो. वेग घटला, चेंडू वर-वर जायला लागले, कोपर खाली पडू लागलं, तर ४० फेकींवरही त्याला बाहेर काढा. दुखत असेल तर वेदनाशामक गोळी देऊन खेळवणं अजिबात नको, डॉक्टरांना दाखवा.

पिचिंग केलं त्याच सामन्यात कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलून परत फेकणारा) म्हणून उभं करू नका, तिथेही हात सतत फेकतच असतो. आणि वर्षात किमान ४ महिने फेकणं बंद, त्यातले २-३ सलग. तेव्हा पोहू दे, फुटबॉल खेळू दे.