मुलीचं टायमिंग सुधारतंय, पण कोच सगळ्यांसमोर वजन करतात आणि टोमणे मारतात. कोच बदलावा का?

सोळा वर्षांची मुलगी, ३००० मीटर, नव्या कोचकडे गेल्यापासून टायमिंग सुधारलंय. पण दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन, वाढलं की ग्राउंडवर टोमणे, चार महिने पाळी नाही, तीन आठवडे नडगी दुखतेय, आणि कोच म्हणतात ‘वर जायचं असेल तर हे सोसावंच लागतं’. कोच बदलावा का आणि बदलला तर बडोद्यात कुणाकडे न्यावं, असं तुम्ही विचारलंय.

बदला, ताई. स्टेट मीट तोंडावर आहे म्हणून थांबू नका. उत्तर एवढंच आहे, पण तो सोमवारचा काटा मी जवळून बघितलाय, म्हणून पुढचं लिहिते.

मीही बडोद्यातच धावायचे. घर दांडिया बाजारात, पहाटे बाबा स्कूटरवरून ग्राउंडला सोडायचे. क्लबचं आणि सरांचं नाव घेणार नाही. सोमवारी फाटकाशी, सिमेंटच्या कट्ट्यावर, तबकडीचा साधा वजनकाटा मांडलेला असायचा. तो सपाट जागेवर नसला की अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतो, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून काटा कट्ट्याच्या डाव्या टोकाला असला की मुलींना हायसं वाटायचं. आम्ही घड्याळ काढायचो, मोजे काढायचो, केसांतल्या पिनासुद्धा काढायचो. रविवारी दुपारनंतर पाणी पिणं बंद. सर आकडा मोठ्याने वाचायचे आणि एक मुलगा वहीत लिहून घ्यायचा. आकडा वाढला असेल तर त्या मुलीचं त्या दिवसापुरतं नाव ‘म्हैस’. मग वॉर्मअपला तेच नाव, स्टॉपवॉच वाचतानाही तेच. ‘म्हैस, अठ्ठ्याहत्तर.’ म्हणजे ४०० मीटरची लॅप ७८ सेकंदांत, आणि ती मुलगी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होती.

ती बडोद्याजवळच्या पादरा गावाहून एसटीने यायची. आमच्यातली सगळ्यांत चांगली धावपटू. शेवटच्या लॅपला आमचे सगळ्यांचे खांदे कानांपर्यंत चढायचे, तिचे कधी चढले नाहीत. आई तिला डब्यात थेपले द्यायची. ते ती मला द्यायची आणि स्वतः काकडी खायची. त्या वर्षी तिचं टायमिंग सुधारतच गेलं आणि सर आम्हांला तिचं उदाहरण द्यायला लागले, बघा, वजन उतरवलं की वेळ आपोआप उतरते. हिवाळ्यात तिची नडगी दुखायला लागली. सर म्हणाले, बर्फ लाव. एक्स-रेत काही आलं नाही, तेव्हा म्हणाले, दुखणं तुझ्या डोक्यात आहे. निवड चाचणीत दोन किलोमीटर झाल्यावर ती ट्रॅकच्या आतल्या बाजूला गेली आणि गवतावर बसली. हाड मोडलं होतं. वर्षभर पाळी आली नाही हे तिने हॉस्पिटलात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती पुन्हा धावली नाही. पुढच्या सोमवारी वहीत तिच्या नावावर रेघ मारलेली होती.

मी आता फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे तिचं काय झालं ते नीट सांगू शकते. खाणं कमी आणि धावणं तेवढंच, किंवा जास्त, असं चालू राहिलं की शरीर आधी ते काम बंद करतं ज्याच्यावाचून जगता येतं. मुलींत ते काम म्हणजे पाळी. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं, आणि इस्ट्रोजेन उतरलं की हाडं कच्ची राहतात. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आसपासपर्यंत होते. सोळाव्या-सतराव्या वर्षी गेलेलं पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या प्रकाराला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आणि हे मुलग्यांनाही होतं असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हेत.

तुमच्या गोंधळाचं मूळ वेगळं आहे: टायमिंग सुधारलं कसं? सुधारतंच. वजन उतरतं, फुप्फुसं आणि हृदय तेवढंच काम करत असतं, त्यामुळे काही महिने, कधी अख्खा सीझन, मुलगी हलकी होऊन पळते. कोचला त्याच्या पद्धतीचा पुरावा मिळतो, आई-बापांना मेडल मिळतं. मोडायची वेळ नंतर येते आणि तेव्हा दोष मुलीच्या माथी जातो, की ही मनाने कच्ची निघाली. जी टिकली तिचं श्रेय सरांना आणि जी मोडली ती हिशेबातच नाही. या हिशेबाचा मला आजही संताप येतो.

हे फक्त आपल्याकडच्या लहान क्लबांत होतं असं समजू नका. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या फायनलला पोचली तेव्हा १७ वर्षांची होती. नायकी कंपनीच्या ओरेगॉन प्रोजेक्ट या धावपटूंच्या ट्रेनिंग गटात, कोच अल्बर्टो सालाझार यांच्या हाताखाली, जगातल्या सगळ्यांत महागड्या सोयी तिला होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की तिथे तिला सतत बारीक हो म्हणत, सहकाऱ्यांसमोर तिचं वजन करत, तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. सालाझार यांनी तेव्हा आरोप फेटाळले. त्यांच्यावर त्याच वर्षी चार वर्षांची बंदी आली होती, पण ती डोपिंगच्या नियमांवरून. मुलींशी कसं वागलात हे त्या प्रकरणात कुणी विचारलंच नव्हतं. ती मुलाखत मी इथे बडोद्यात, स्वयंपाकघरात उभी राहून बघितली. मला पादऱ्याची मुलगी आठवली. हजारो मैलांवरचा कोच आणि आमचे सर एकच गोष्ट करत होते, फक्त त्यांचा काटा महाग असेल.

माझ्या काकांशी माझा या विषयावर जुना वाद आहे. ते तरुणपणी आखाड्यात घाम गाळलेले. ‘वस्ताद कडक नसेल तर पैलवान घडत नाही, तुझे सर कडक होते म्हणून तुला युनिव्हर्सिटीचं मेडल आलं,’ हे मी जेवणाच्या पानावर किती वेळा ऐकलंय. चीनचे कडक कोच मा जुनरेन यांचंही ते उदाहरण देतात. त्यांची वांग जुन्शिया १९९३ मध्ये बीजिंगला १०,००० मीटर २९:३१.७८ मध्ये धावली आणि तो विक्रम २०१६ पर्यंत टिकला, हे खरं. पण १९९४ संपता संपता तिच्यासह त्यांच्या मुली त्यांचा कॅम्प सोडून निघून गेल्या, आणि २०१६ मध्ये समोर आलेल्या त्या मुलींच्या पत्रात बळजबरीने औषधं दिल्याचं लिहिलेलं होतं, हेही खरंच. काका दुसरा भाग कधी सांगत नाहीत. रिओ ऑलिंपिकला आपली ओ. पी. जयशा मॅरेथॉन संपवून कोसळली तेव्हाही ते म्हणाले, याला म्हणतात जिद्द. जिद्द होतीच. पण वाटेतल्या भारताच्या टेबलांवर आपल्यासाठी पाणीच नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. भारतीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ते नाकारलं. चूक कुणाची ते बाजूला ठेवा. तहानलेल्या बाईच्या कोसळण्याचा अभिमान कसला वाटून घ्यायचा, हे मी काकांना त्या दिवशी विचारलं होतं आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

काकांना मी एकच सांगते, आणि तुमच्या घरातही असं कुणी असेल तर त्यांना सांगा. वस्ताद कडक होता, पण तो पोरांना खुराक देत होता. दूध, तूप, बदाम; घरी नसलं तर आखाड्यातून. पोराला दोन घास जास्त गेले की तो खूश व्हायचा. दुखलं तर स्वतः मालिश करायचा. आमच्या सरांचा कडकपणा पानातलं काढून घेण्यात होता. या दोघांना एकाच माळेत ओवू नका.

आणि प्रेमाने वागवलं म्हणजे मुलं ढिली पडतात, हा समज केनियाचा धावपटू किपचोगे याच्याकडे बघून सोडून द्यावा. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १:५९:४० मध्ये मॅरेथॉनचं अंतर धावणारा हा माणूस कॅम्पवर पाळीपाळीने संडास धुतो, इतकी तिथली शिस्त आहे. त्याचे कोच पॅट्रिक सँग स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचे स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, रौप्यविजेते. किपचोगे पोरगेला असताना शेजारच्या सँगकडे जाऊन ट्रेनिंगचा कार्यक्रम मागून आणायचा, तेव्हापासूनची त्यांची जोडी आहे. इतकी वर्षं धावपटू टिकतो, ते कोच त्याला टिकवतो म्हणून.

आता कुणाकडे न्यायचं. नाव सुचवणार नाही, कारण कोणते सर कोणत्या मुलीशी कसे वागतील याची हमी मी देऊ शकत नाही. मांजलपूरच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवर किंवा जिथे जायचा विचार असेल तिथे तुम्ही स्वतः काही दिवस पहाटे जाऊन बसा. मुलीला नेऊ नका. एखादी मुलगी ‘सर, दुखतंय’ म्हणाली की सर काय करतात ते बघा. वीस-बावीस वर्षांच्या मुली अजून तिथे धावतायत का ते बघा. सगळ्या चौदा ते सतराच्याच दिसल्या तर मोठ्या कुठे गेल्या ते विचारा. आई-बापांना कठड्याजवळ उभं राहू देतात का, हेही बघा. एवढ्यावरून बरंच कळतं.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. सरिता गायकवाड आणि मुरली गावित हे डांगचे धावपटू पुढे आल्यापासून गुजरातच्या त्या आदिवासी जिल्ह्यातल्या आई-बापांना वाटतं की आपली पोरगीही करू शकेल, आणि ते फार चांगलं झालं. पण गावाकडून आलेल्या मुलीचं हॉस्टेल, एंट्रीचा फॉर्म, पुढची स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, सगळं बऱ्याचदा त्या एका कोचच्या हातात असतं. तिला सोडून जाता येत नाही. तुमची मुलगी घरी राहते, घरचं जेवते. तुम्हाला जाता येतं.

सगळे कोच असे नसतात, बडोद्यातही नाहीत. पगाराविना पहाटे पाचला येणारे, स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन देणारे मी पाहिलेत. लांबच्या शर्यतीत वजनाला महत्त्व नाही असंही मी म्हणत नाही. मोठ्या वयाच्या धावपटूने डॉक्टरांबरोबर, आहारतज्ज्ञाबरोबर बसून, बंद खोलीत तो विचार करावा. सोळाव्या वर्षी कट्ट्यावर नाही. आणि मी तुमच्या कोचना ओळखत नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरूनच बोलतेय.

पण चार महिने पाळी नाही आणि नडगी दुखतेय, हे दोन्ही एकत्र असताना वाट बघण्यासारखं काही नाही. या आठवड्यातच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, दुखणं एका बोटाने दाखवता येण्याइतकं एकाच जागी आहे का ते त्यांना सांगा, आणि नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका. अशी सुरुवातीची चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा, पाळी थांबायची बाकीची कारणंही तपासावी लागतात. तोवर धावणं पूर्ण बंद. रिपोर्ट आला की याच उत्तराखाली कळवा, मी बघते.