दिलेलीच रेषा उत्तरात परत आली

प्रश्न : बिंदू (४, −३) मधून जाणाऱ्या आणि २क्ष − ५य + ७ = ० या रेषेला समांतर असलेल्या रेषेचे समीकरण काढायचे होते. चढ न काढता फक्त स्थिर पद बदलण्याची रीत मी वापरली; परंतु उत्तर म्हणून दिलेलीच रेषा परत आली. या रीतीत काही दोष आहे का?

उत्तर : रीत निर्दोष आहे, आपले ऋण चिन्ह निसटले आहे. आकडेमोड आपण कळवलेली नसली, तरी चूक कोठे झाली असावी हे उत्तरावरूनच ओळखता येते. य च्या जागी −३ ऐवजी ३ ठेवल्यास २ × ४ − ५ × ३ = −७ मिळते, आणि २क्ष − ५य = −७ ही तर मूळचीच रेषा आहे, कारण योगायोगाने (४, ३) हा बिंदू तिच्यावरच आहे. योग्य किंमत ठेवल्यास ८ + १५ = २३ येते; म्हणून हवी असलेली रेषा २क्ष − ५य − २३ = ० ही होय.

केवळ स्थिर पद बदलून का भागते, हे मात्र समजून घेण्याजोगे आहे. मूळ रेषेवरून ५ एकके उजवीकडे आणि २ एकके वर सरकले, की २क्ष १० ने वाढते आणि ५य सुद्धा १० नेच वाढते; त्यामुळे २क्ष − ५य ची किंमत त्या रेषेवर कोठेही बदलत नाही. समांतर रेषेची दिशा हीच असल्याने तिच्यावरही ही किंमत एकच राहते, आणि ती किती हे दिलेला बिंदू ठरवतो.

य + ३ = (२/५)(क्ष − ४) असे चढाच्या सूत्राने मांडले तरी हेच समीकरण मिळते. तरीही मला आपलीच रीत अधिक पसंत आहे, कारण क्ष = ६ सारख्या उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, तर या रीतीने क्ष = ४ हे उत्तर लगेच हाती येते.

बिंदू खरोखरच दिलेल्या रेषेवर असता, तर शालेय व्याख्येनुसार अशी समांतर रेषा नाही असे लिहावे लागले असते. उच्च गणितात पुष्कळदा रेषा स्वतःलाही समांतर मानतात. आपल्या उदाहरणात तो प्रश्नच येत नाही : मिळालेल्या समीकरणात (४, −३) ठेवून पाहिला असता, तर ८ + १५ + ७ म्हणजे ३० आले असते, शून्य नव्हे.