रोजचं पान आणि दिवाळी अंक

प्रश्न : नोकरी सांभाळून लिहिते, पण चार दिवसांत खंड पडतो. दिवाळी अंकात कथा यावी अशी फार इच्छा आहे. काय करू?

उत्तर : ताई, आदल्या दिवशी सुचलेलं सगळं लिहून संपवलं की दुसऱ्या दिवशी कोरा कागदच समोर येतो. म्हणून पुढचं वाक्य डोक्यात असतानाच थांबा आणि त्याचे दोन-तीन शब्द समासात टिपून ठेवा. रोज फुलस्केपचं एकच पान, ओळ सोडून. 3,000 शब्दांची कथा अशी 20-22 दिवसांत होते. मग आठवडाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे वाक्य बहुधा लांबलेलं असतं. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा जूनपर्यंत कथा तयार हवी. एका वेळी एकाच संपादकांकडे पाठवा.