टँक लावण्याआधी टँकचा फोटो काढा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नागपूरचा पारा चाळिशीच्या पार गेलेला असेल आणि घरोघरी कूलरमध्ये नवा वाळा भरून झाला असेल. माशांच्या टँकबद्दलच्या या महिन्याच्या पत्रांमध्येही उन्हाळा आहेच. पहिल्या पत्राला मात्र जरा सविस्तर उत्तर देतो, कारण तो प्रश्न मला गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या घरांतून येतो आहे.

प्रश्न : आमच्याकडे तीन फुटी टँक आहे, आत खऱ्या वनस्पती आहेत. चार वर्षांत एकेक रोप आणून आणून नुसतं रान माजलं आहे. मध्यभागी लाकडाचं मोठं खोड, खाली नारिंगी खडे. चित्रांत दिसतात तसे टँक आपल्याला का जमत नाहीत? मुलाला सुट्ट्या लागल्या आहेत, तेव्हा मे महिन्यात सगळं उपसून नव्याने लावावं म्हणते. सोबत फोटो पाठवला आहे.
– एक वाचक, प्रतापनगर

ताई, आधी महिन्याचं बोलतो. मे महिन्यात टँक उपसू नका.

मी एकदा उपसला होता. सीताबर्डीवर माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची गोष्ट. लग्नसराईच्या धावपळीनंतर चार दिवस मोकळे मिळाले आणि भर उन्हाळ्यात मी घरचा टँक रिकामा करायला घेतला. जुनी रेती ढवळली, तळाशी वर्षानुवर्षं साचलेली घाण पाण्यात उठली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ धुतला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा निऑन टेट्रा तळाला पडलेले होते. स्पंजमध्ये जे जिवाणू असतात तेच माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. नळाच्या क्लोरीनने मी तेच मारून टाकले होते. त्यात पाणी तापलेलं. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. शिवाय पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. ते मासे माझ्या घाईने गेले, ही बोच अजून आहे. तुमच्या घरी तसं होऊ नये.

दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरात आपल्याकडची हवा या कामाला उत्तम असते. आणि तोवर मुलाची सुट्टी वाया जाणार नाही, कारण खरं काम पाण्याबाहेर करायचं आहे.

रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, फक्त टँकचा चालू ठेवा. मोबाइल स्टुलावर ठेवून, टँकच्या बरोबर मध्याच्या उंचीवरून, समोरून सरळ एक फोटो घ्या. तो कृष्णधवल करा आणि मोठ्या कागदावर छापून आणा. टँक रोज पाहून पाहून डोळ्यांना सवय होते, मग त्यातलं खटकणारं काही दिसेनासं होतं. कागदावर रंग गेले की उजेड आणि अंधार तेवढे उरतात, आणि चूक लगेच कळते. तुमच्या फोटोचं मी हेच केलं. सगळ्यात उजळ काय दिसलं सांगू? नारिंगी खडे. चार वर्षं वाढवलेली हिरवाई मागे पडली आणि नजर सरळ खड्यांवर गेली. दुसरं, खोड नेमकं मधोमध असल्याने चित्राचे दोन सारखे तुकडे झाले आहेत. तिसरं, व्हॅलिसनेरियाची लांब पाती अगदी पुढच्या काचेला लागून वर गेली आहेत. घराच्या दारातच पडदा लावावा तसं ते झालं आहे.

आता त्या छापलेल्या फोटोवर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने नवी मांडणी काढा. तुमचा टँक ३६ इंच लांब. खोडाचा मुख्य भाग एका कडेपासून २२ इंचांवर आणि दुसऱ्या कडेपासून १४ इंचांवर येऊ द्या. हे सुवर्ण गुणोत्तर, १.६१८ ला १. आम्ही स्टुडिओत हिशेब न करता डोळ्यांनी तेच करायचो.

टँकच्या खोलीचं, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतच्या अंतराचं, गणित मात्र पाण्यात वेगळं आहे. पाण्याचा अपवर्तनांक (उजेड पाण्यात किती वाकतो त्याचं माप) १.३३, म्हणून समोरून पाहिलं तर आतलं अंतर पाऊणपटच भासतं. तुमचा १८ इंच खोलीचा टँक साडेतेरा इंचांचा वाटतो. ही हरवलेली खोली आपल्याला मांडणीतून परत आणायची आहे. रेती पुढे दीड इंच आणि मागे पाच इंच असा उतार द्या. तो घसरू नये म्हणून मागच्या बाजूला रेतीखाली दगड रचा. मोठे दगड पुढे, त्याच जातीचे लहान दगड मागे. रुंद पानांचं अॅनुबियस आणि जावा फर्न पुढच्या निम्म्यात, बारीक पानांचं रोटाला मागे. मधून एक वाट काढा, पुढे वीतभर रुंद आणि मागे जाता जाता दोन बोटांची. व्हॅलिसनेरिया टाकू नका, ती खोडामागच्या कोपऱ्यात फार शोभेल.

आणि एक तृतीयांश जागा मोकळी सोडा. आपल्याला सगळ्यांत जड जातं ते हेच. पैसे देऊन आणलेलं रोप काढवत नाही, हे मला समजतं. पण ज्या जपानी ताकाशी अमानो यांनी ही निसर्गमांडणीची शैली रुजवली, ते मुळात निसर्गाचे छायाचित्रकार होते. मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेऊन जंगलं टिपणारा माणूस टँकसमोर बसला, तेव्हा कुठे काय नको हे त्याला आधी दिसलं. २०१५ मध्ये, निधनाच्या काहीच महिने आधी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीचा टँक उभारला. त्यातही माशांना पोहायला मोकळं पाणी ठेवलेलं आहे.

प्रत्यक्ष दिवशी निम्मं जुनं पाणी टबांत काढून ठेवा, मासे त्यातच एअर पंपावर. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात पिळा, नळाला नेऊ नका. जुने खडे काढताना वर येणारं गढूळ पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. मासे परत सोडल्यावर आठवडाभर चिमूटभरच खाऊ आणि एकाआड एक दिवस थोडं पाणी बदलायचं. नव्याने भरलेल्या पाण्यात अँटीक्लोरीन घालायला विसरू नका.

प्रश्न : भाऊ, माझा अडीच फुटी टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे. निळ्या-गुलाबी एलईडीचा लाइट सकाळी सातला लावतो, रात्री अकराला बंद करतो. रात्री निळ्या रंगात छान दिसतो. पण काचा हिरव्या होतात आणि झाडं काही वाढत नाहीत. अजून तेज लाइट घेऊ का?
– एक वाचक, मनीषनगर

नको भाऊ. सोळा तास दिवा, वर पश्चिमेचं ऊन. एवढ्या उजेडात शेवाळाचीच चैन होते. वनस्पतीला उजेड वाढवला की कार्बन डायऑक्साइड आणि खतही तितकंच लागतं. ते मिळालं नाही की ती थांबते, आणि शेवाळ थोडक्यात भागवून पुढे जातं.

खिडकीला जाड पडदा लावा. लाइटला टायमर बसवा, तीन आठवडे रोज सहाच तास. काचा स्वच्छ राहू लागल्या की सात, मग आठ. त्यापुढे जाऊ नका. तुम्ही घरी संध्याकाळी असाल तर दुपारी तीन ते रात्री नऊ ठेवा, झाडांना घड्याळ कळत नाही, तास कळतात. रात्रीच्या निळ्या दिव्याचा झाडांना उपयोग नाही आणि माशांना अंधार हवा असतो, तो बंदच करा.

नवा दिवा घ्यायचाच असेल तर ६५०० केल्विनचा पांढरा घ्या. पाकिटावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो ९० च्या आसपास असेल तर लाल पानं लाल दिसतात. साध्या ट्यूबखाली रोटालाचा लाल विटकरी होतो आणि आपण उगाच खताला दोष देत बसतो. सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड देत असाल तर दिव्याच्या तासभर आधी सुरू करा, दिव्यासोबत बंद. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर हिरवा असला की पुरे, पिवळा झाला तर मासे गुदमरतील.

प्रश्न : टँकच्या खोलीत दिवसभर कूलर चालतो, टँकवर छोटा पंखाही लावला. तरी पाणी ३३ अंशांच्या खाली येत नाही. असं का?
– एक वाचक, नंदनवन

पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो. कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. कूलरने खोलीची हवा आधीच दमट केली की वाफ होणार कशी? कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. त्याहून बरं म्हणजे टँक कूलर नसलेल्या, पण सावलीतल्या खोलीत ठेवणं. टँकचं काचेचं झाकण काढा, जाळी ठेवा. लाइट रात्रीच्या तासांत न्या. दुपारी बर्फाची बंद बाटली एकच सोडा, एकदम गार करू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात टँकचं पाणी रोज बोटभर उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. त्यावर बोअरचंच पाणी ओतत राहिलं तर दोन महिन्यांत पाणी फार जड होतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा. पाणी बदलायचं ते मात्र नेहमीचंच.

प्रश्न : सेमिनरी हिल्सवरचे काळे दगड टँकमध्ये चालतील का?
– एक वाचक, गिट्टीखदान

दगड चालतील, पण तिथून उचलू नका, ती वनविभागाची जागा आहे. तोच काळा पाषाण बांधकामाच्या मालाच्या ठिय्यावर मिळतो. पश्चिम नागपूर त्याच बेसॉल्टवर वसलेलं आहे. बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही. मात्र छिद्रांचा दगड असेल तर छिद्रांत पांढरे खडे भरलेले असतात, त्यात कॅल्साइट असू शकतं. त्या पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड बागेत ठेवा, नाहीतर पाण्याचा जडपणा वाढत राहील. कन्हानची रेती वापरणार असाल तर बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी लागतात.

प्रश्न : काकाजी, मी कॉलेजात शिकते. टँक सुंदर झालाय पण मोबाइलवर फोटो काढला की आडवे काळे पट्टे येतात, काचेत मीच दिसते, आणि सगळं निळं. तिरकं उभं राहून काढला तर मासे पुसट येतात. काय करू?
– एक वाचक, वर्धा रोड

बाळा, हे चारही दोष मी स्टुडिओ बंद केल्यावर घरी बसून एकेक करून सोडवले आहेत, म्हणून मन लावून सांगतो.

पट्टे दिव्याचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, मोबाइलला दिसतं. कॅमेऱ्यात प्रो मोड उघड आणि शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव. दिव्याला डिमर असेल तर तो पूर्ण उजेडावर कर, डिमर अर्ध्यावर असताना लुकलुक वाढते. १/१०० ला पोहणारा मासा थोडा हलेल, तेव्हा त्याच्या मागे कॅमेरा पळवू नकोस. एखाद्या पानावर फोकस धरून बस, मासा वळताना क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाब. वीस फोटोंत एक चांगला येतो.

तिरक्या कोनातून पुसट येणारच. काच आणि पाणी मिळून उजेडाचे रंग वेगवेगळे वाकवतात, म्हणून कडांना निळसर-लालसर रेघा दिसतात. मोबाइल काचेला समांतर धर. पूर्ण टँक घ्यायचा असेल तर सहा-सात फूट मागे जा आणि झूम कर, जवळून घेतलास तर कडा फुगतील.

काचेतली तू जावीस म्हणून खोलीत पूर्ण अंधार कर, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा झाक. गडद कपडे घाल. काळ्या चादरीला भोक पाडून त्यातून मोबाइल बाहेर काढलास तर उत्तमच. फ्लॅश कधीही समोरून नको. उजेड कमी पडत असेल तर दुसरी एलईडी पट्टी टँकवर आडवी ठेव. अमानोही फ्लॅश वरूनच सोडायचे. उजेड वरून आला की पानांचा वरचा भाग चमकतो, खालचा सावलीत जातो, आणि त्या सावलीमुळेच खोली दिसते.

निळेपणासाठी व्हाइट बॅलन्स ६५०० च्या आसपास हाताने लाव. आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढ. मोबाइल आपणहून चित्र उजळवायला बघतो, त्यात पांढऱ्या माशांचे खवले जळून जातात.

झाडांची कापणी केलेल्या दिवशी फोटो काढू नकोस, पाण्यात कण तरंगत असतात. काच आतून जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने घासून दोन तास थांब. दिवा बंद होण्याआधीचा तास निवड. त्या वेळी झाडं दिवसभर कामाला लागलेली असतात आणि रोटालाच्या टोकांवर प्राणवायूचे मोतीएवढे बुडबुडे दिसतात. फिल्टर पाच मिनिटं बंद केलास तर पाती डोलायची थांबतील. फोटो झाला की फिल्टर चालू करायला मात्र विसरू नकोस, या दिवसांत तर मुळीच नाही.

प्रश्न : नवीन लावलेल्या क्रिप्टोकोरीनची सगळी पानं आठवड्यात वितळली. उपटून टाकू?
– एक वाचक, महाल

उपटू नका. जागा किंवा पाणी बदललं की क्रिप्टोकोरीन जुनी पानं टाकते. सडलेली पानं बुडापासून कापून काढा आणि मुळांना हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत रेतीतून छोटी तपकिरी टोकं वर येतील, तीच नवी पानं.