वाचकांचे प्रश्न : बीप वाजलाच नाही, मग मत कुठे गेलं?

प्रश्न : मतदान यंत्राचं (ईव्हीएम) 'बॅलट' बटण दाबून मत द्यायला मोकळीक दिल्यावर एक आजी उमेदवारासमोरचं निळं बटण न दाबताच निघून गेल्या. मत व्हायचं बाकी आहे हे दाखवणारा 'बिझी'चा दिवा तसाच लागलेला. काय करायचं? (शिक्षक, अमळनेर)

उत्तर : मत कुणालाच गेलेलं नाही. 'बॅलट'ने यंत्र एका मतापुरतंच उघडतं. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, कापून खाली पडते, लांब बीप वाजतो. बीपआधी कुणाला बाहेर सोडू नका. आजी मत द्यायला तयारच नसतील, तर पुढच्या मतदाराला थेट कक्षात पाठवा, नाहीतर कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याजवळचं, मतं साठवणारं यंत्र) बंद करून परत चालू करा. १७-ए नोंदवहीत (मतदारांच्या नोंदवहीत) 'मतदानास नकार' हा शेरा हवाच. तो राहिला की संध्याकाळी यंत्रातल्या मतांचं 'टोटल' नोंदवहीपेक्षा एकाने कमी येतं आणि हिशेबाला घाम फुटतो.

शेवटचाच मतदार असा गेला तर मतदान संपवायचं 'क्लोज' बटण दाबलं जात नाही. मत अर्धवट असताना मतदान संपवता येऊ नये, म्हणून ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. युनिट बंद करा, व्हीव्हीपॅटची केबल काढा, चालू करा. बिझी विझतो, क्लोज चालतं.

प्रश्न : मॉक पोलची (खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीची) मतं पुसायची राहिली तर? (मतदान प्रतिनिधी, शिरपूर)

उत्तर : सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. किमान ५० मतांच्या मॉक पोलनंतर क्लोज, रिझल्ट (निकाल), क्लिअर (मतं पुसणं) याच क्रमाने जावं लागतं. क्रम यंत्र पाळायला लावतं, पण मत मॉकचं की खरं हे त्याला कळत नाही. आमच्या मते रचनेतली खरी फट इथेच आहे. मॉकची ५० आणि खरी ६१२, तर टोटल ६६२. असं युनिट मतमोजणीत बाजूला ठेवतात. विजयाची आघाडी अशा केंद्रांच्या एकूण मतांइतकी किंवा कमी असेल, तरच चिठ्ठ्या मोजतात. तेव्हा क्लिअरनंतर 'टोटल' शून्य दाखवायला लावा, आणि मॉकच्या चिठ्ठ्या पेटीतून काढून काळ्या पाकिटात सील झाल्या का तेही बघा.

प्रश्न : व्हीव्हीपॅट खिडकीपाशी ठेवलं तर चालेल का? (शहादा)

उत्तर : नाही. २०२४ ला नंदुरबार, जळगाव, रावेरचं मतदान १३ मे रोजी होतं. तेव्हाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. थेट उजेडाने आतले सेन्सर गोंधळतात. डोक्यावर बल्बही नको. फक्त व्हीव्हीपॅट बदललं तर मॉक पोल लागत नाही. कंट्रोल किंवा बॅलट युनिट (निळ्या बटणांचं यंत्र) बिघडलं तर पूर्ण संच बदलून नोटासह प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून तपासतात. जुन्या युनिटमधली मतं तशीच राहतात, तीही मोजली जातात.