मराठवाड्यातून इतके मजूर पश्चिम महाराष्ट्रात जातात, तरी दोन्हीकडच्या मजुरीतला फरक का मिटत नाही? आणि त्यांच्यामुळे तिथल्या स्थानिकांची मजुरी पडते का?

माणूस जास्त रोजाकडे मोकळा जाऊ शकला तरच फरक मिटेल. ऊसतोडीत तो मोकळा नसतो. टनाचा दर साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात ठरतो. 2024 च्या जानेवारीत त्यात 34 टक्के वाढही झाली. पण कोण, कोणाकडे, किती महिने राबणार हे ठरतं आमच्या बीडमध्ये, पावसाळ्यात, मुकादम (मजुरांची टोळी पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो तेव्हा. पेरणी डोक्यावर, सावकाराचा तगादा, हाताला काम नाही. अशा दिवसांत झालेला सौदा पुढे उन्हाळ्यापर्यंत चालतो.

मी शाळेत असताना आमची कोप, म्हणजे तोडणी मजुरांची झोपडी, सांगलीच्या वाळवा तालुक्यात होती. आईवडील मिळून एक कोयता; तोडणीत नवरा-बायकोची जोडी एकच धरतात. डिसेंबरात तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार डिपिंगला (द्राक्षाचे घड औषधात बुडवायला) माणसं शोधत आला. जोडीला देत होता तो रोज फडातल्या, म्हणजे ऊसतोडीच्या, कमाईपेक्षा बराच जास्त होता, आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणं नाही. आई लगेच तयार झाली. वडील मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, "उचल टाका अन् खुशाल जा." उचल तर कधीच विहिरीच्या खोदाईत गेलेली. वडील गप्प परत आले आणि कोयत्याला धार लावत बसले. त्याच महिन्यात ते तापाने पडले, तर दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब झाला तेव्हा बाकी आमच्याच अंगावर निघाली आणि पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली गेली.

जास्त मजुरी एका तालुक्यापलीकडे होती. तिथवर जायची इच्छाही होती, अंगात बळही होतं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य जाणं ही वेठबिगारीच धरली आहे. आमच्याकडे त्याला करार म्हणतात.

कॉलेजात माझ्या खोलीत वाळव्याचाच, ऊस असलेल्या घरचा मित्र होता. "तुम्हाला बांधून कोण ठेवतं? परवडत नसेल तर येऊ नका," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तीन वर्षं आमचं त्यावर भांडण चाललं. उत्तर वर दिलंच आहे.

बेरोजगारीचं म्हणाल तर सरकारी आकड्यात ही माणसं बेरोजगार दिसतच नाहीत. वर्षाचा बराच काळ ती राबतात, उरलेल्या काळात दोन एकर कोरडवाहूवर "स्वयंरोजगार". मे-जूनमध्ये धारूर, वडवणी, पाटोद्याला जाऊन बघा, काम शोधणारे किती हात आहेत ते. सगळे एकदम परत आल्यावर गावातला रोज वाढणार कसा? केरळमधली माणसं आखातात वर्षानुवर्षं राहिली, म्हणून तिथे रोज चढला, आणि आज बंगाल-आसामचे मजूर तिकडे जातात. सुशिक्षितांची बेरोजगारी मात्र तिथेही मोठी आहे.

स्थानिकांची मजुरी पडते का? तोडणीत काही प्रमाणात पडत असेल. पण बाग, गवंडीकाम, कारखान्यातली नोकरी या जागा आमच्या माणसाला मिळतच नाहीत, मग तिथे भाव पडायचा प्रश्न कुठे येतो?

सगळे मुकादम लबाड नसतात, हेही सांगतो. उचल घेऊन टोळी पळून गेल्यामुळे जमीन विकावी लागलेले मुकादम आमच्याच गावात आहेत. आणि हे सगळं ऊसतोडीपुरतं. पुण्यात कंपनीत लागलेल्या पोराचं गणित वेगळं असतं.

माझा तो मित्र आता गावच्या सोसायटीवर आहे. हे वाचत असलास तर ऐक: एक हंगाम उचल बंद करा, दर पंधरवड्याला नवऱ्याच्या आणि बायकोच्या खात्यावर वेगवेगळे पैसे टाका, खाडा काढून टाका. मग जानेवारीत तुझ्या फडात किती कोयते राहतात आणि त्यांना थांबवायला किती दर द्यावा लागतो, ते मला फोन करून सांग.