ख्रिस्ताला ‘शेवटचा आदाम’ का म्हणतात?

थोडक्यात सांगायचं तर हा पौलाचा (ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक) युक्तिवाद आहे, बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायातला. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतले काही जण म्हणत होते की मेलेले उठतच नाहीत. त्यावर पौल म्हणतो, एका माणसामुळे (आदामामुळे) मरण आलं, तसंच एका माणसामुळे (ख्रिस्तामुळे) पुनरुत्थानही आलं.

इथे आदाम, म्हणजे बायबलमधला पहिला माणूस, नुसती एक व्यक्ती नव्हे, तो सगळ्या मानवजातीचा प्रमुख. त्याचं झालं तेच त्याच्या मागच्यांचं. ख्रिस्त नव्या मानवजातीचा तसाच प्रमुख. म्हणून त्याला ‘प्रथमफळ’ म्हटलंय: कापणीची पहिली पेंढी देवाला वाहिली की उरलेलं पीकही त्याचंच ठरतं. आदाम मातीचा, त्याला जीव मिळाला. ख्रिस्त स्वर्गातला, तो जीव देतो.

इस्तंबूलच्या खोरा चर्चमधल्या (आता कारिये मशीद) 14व्या शतकातल्या भित्तिचित्रात ख्रिस्त आदाम-हव्वेला मनगट धरून थडग्यातून अक्षरशः खेचून काढतोय. हा अध्याय समजायला ते चित्र जरूर बघा.

याच अध्यायातल्या ‘ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील’ यातले ‘सर्व’ कोण, यावर मात्र वाद आहे. पुढच्याच ओळीत ‘जे ख्रिस्ताचे आहेत ते’ असं येतं, त्यामुळे अनेक जण ते विश्वासणाऱ्यांपुरतंच धरतात.